गाळलेलं पान

१

रविवारी सकाळी अकरा वाजता, सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पत्त्यांच्या हौशी मंडळाची बैठक चालू असताना, छापखानेवाल्याच्या पत्त्यांच्या नव्या कॅटचं गुपित फुटलं.

आधी मागच्या रांगेतला एक फोन थरथरला, मग शेजारचा, मग चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सगळ्यांचे. कुणीतरी बिननावाच्या खात्यावरून व्हिडिओ टाकला होता. काळं कापड, त्यावर निळे पातळ हातमोजे घातलेले दोन हात, आणि हातांत तोच कॅट, जो अजून बाजारात आलेलाच नव्हता. हातांनी आधी जादू करून दाखवली आणि मग फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तशी सावकाश ती उलगडली.

जादू अशी, की समोरच्याने मनात एक पत्ता धरायचा, त्याचं नाव घ्यायचं, आणि कॅट पसरला की तेवढा एकच पत्ता उलटा पडलेला सापडायचा. ती कशी होते हे इथेही सांगायचं नाही. मंडळाचा पहिला नियमच तो. कॅटला चांगला म्हणा, वाईट म्हणा, कागद पुठ्ठ्यासारखा आहे म्हणा, पण आतली खुबी उघडी करायची नाही. ती ज्याने शोधली त्याची.

छापखानेवाला खोकी उघडायला कात्री घेऊन उभा होता. आज त्याच्या कॅटचं पहिलं दर्शन व्हायचं होतं. औषधांची वेष्टनं आणि दुकानदारांची कार्डं छापून उरलेल्या वेळात त्याने तो घडवला होता, आणि त्या वेळाबद्दल बायकोची बोलणी खाल्ली होती. त्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कात्री खाली ठेवली आणि खोक्यावरच बसला.

"परीक्षणासाठी तीन कॅट बाहेर दिले होते," तो म्हणाला. "तिघांना तीन. आणि तिन्हींत मी खूण ठेवली होती. कुणाला बोललो नव्हतो."

खूण साधी होती. पत्त्यांच्या पाठीवर वेलबुट्टी होती. प्रत्येक कॅटमध्ये त्या वेलीचं एक बारीक पान गाळलेलं, प्रत्येकात वेगळ्या जागी. मुद्दाम शोधल्याशिवाय नजरेला येऊ नये असं.

त्याने खिशातून छपाईचे ठिपके तपासायचं भिंग काढलं, व्हिडिओ थांबवला आणि फोनवर वाकला. सगळा हॉल त्याच्या पाठीवर वाकला. मग त्याने मान वर केली आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

"वरच्या डाव्या कोपऱ्यात पान नाही," तो म्हणाला. "हा कॅट चारकोनीबाईंचा आहे."

२

चारकोनी हे नाव तिला मंडळानेच ठेवलं होतं. ती डावखुरी. पत्त्याचा आकडा छापलेला असतो वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात. उजव्या हाताचा माणूस पत्त्यांचा पंखा उघडतो तेव्हा आकडे ओळीने दिसतात. डावखुऱ्याने उघडला की नुसते पांढरे कोपरे. म्हणून मंडळाच्या मासिकातल्या तिच्या प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक वाक्य हमखास असायचं: चारही कोपऱ्यांत आकडे असते तर बरं झालं असतं. वाचक हसायचे, कॅट बनवणारे वैतागायचे, आणि ती पुढच्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा लिहायची.

हसणाऱ्यांनाही एक गोष्ट मान्य होती. कॅट घ्यायचा की नाही हे तिचं सदर वाचून ठरायचं. ती आठवडाभर कॅट पिसायची, वाटायची, घामट हातांनी वापरायची, आणि मगच लिहायची. मित्राचा कॅट वाईट असला तर वाईट म्हणायची. आणि आजवर तिने एकाही जादूची खुबी फोडली नव्हती. तिच्याकडे लोक विश्वासाने गुपितं पाठवायचे ती यामुळेच. तो विश्वास आता भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिच्या हातातून निसटत होता.

"आणि व्हिडिओतला माणूस डावखुरा आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले. ते स्वतःही कॅटची परीक्षणं करायचे, पण बोलून, व्हिडिओवर. "कॅट उजव्या हातात धरलाय, वाटतोय डाव्याने. मंडळात डावखुरं कोण, ते मी कशाला सांगू."

"सांगा ना. आतापर्यंत छान सांगत होतात," ती म्हणाली.

सेक्रेटरी पुढे आला. कपडे कायम इस्त्रीचे, आवाज कायम खालचा. "बाई, कुणी तुम्हाला चोर म्हणत नाहीये."

"म्हणून टाका. तेवढंच राहिलंय."

"गुरुवारी मासिक छापायला जातं. त्यात तुमचा छोटासा माफीनामा येऊ द्या. या कॅटचं परीक्षण काढून टाकू, सदर थांबवू. सगळं सन्मानाने."

"माफीनामा सन्मानाने कसा देतात हे तुम्ही आधी एकदा करून दाखवा. मी बघून शिकते."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. पहिल्या रांगेत, हाताच्या खुर्चीवर उस्ताद बसले होते. मंडळाचे अध्यक्ष, एके काळी भरलेली नाट्यगृहं गाजवलेला माणूस. सेक्रेटरी त्यांचा शिष्य आणि जावईही. उस्ताद बोलायला लागले की हॉल आपोआप गप्प व्हायचा.

"पोरी, लिहून टाक," ते म्हणाले. "लोक विसरतात."

"लोक विसरतील, उस्ताद. मी नाही विसरणार."

तिने पर्स उचलली. "माझा कॅट माझ्या कपाटात आहे, आणि तो तिथून हललेला नाही. गुरुवारपर्यंत ते सदर माझं आहे. त्यात काय छापायचं ते मी ठरवीन."

जिना उतरताना मात्र घरचं कपाट कधी उघडते असं तिला झालं होतं. कारण छापखानेवाला खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि भिंगही खोटं बोलत नाही.

३

घरी पोचल्यावर तिने आधी कपाट उघडलं. कॅट जागेवर होता. पाठीवर वर डावीकडे पान नव्हतं, आणि खाली उजवीकडेही नव्हतं. म्हणजे पत्ता सुलटा धरा की उलटा, खूण तीच. काम नीट केलं होतं लेकाच्या छापखानेवाल्याने.

"सापडला ना? मग झालं तर," वन्सं स्वयंपाकघरातून म्हणाल्या. नवरा गेल्यापासून चारकोनी आणि तिची ही मोठी नणंद एकत्र राहत होत्या. वन्संना पत्त्यांतली रमी सोडून काही कळत नव्हतं, आणि रमीतही त्या हरायला तयार नसायच्या.

"कसलं झालं? मीच चित्रण करून परत ठेवला असं म्हणतील."

"केलंस का?"

"वन्सं."

"विचारलं हो. घरात कुणीतरी विचारायला हवं, बाहेरचे तर विचारतच नाहीयेत." वन्सं हात पुसत आल्या. "घरात कोण आलं होतं? गॅसवाला. मोरीचा नळ बघायला तो बोलबच्चन प्लंबर. आणि माझी मैत्रीण, तिला तर एक्का आणि अठ्ठी यातला फरक कळत नाही."

"म्हणजे कॅट घराबाहेर गेला नाही, घरात कुणी वापरला नाही, आणि तरी व्हिडिओत तोच आहे."

"मग त्या छापखानेवाल्याने तसाच दुसरा छापला असेल."

चारकोनीने तोही विचार केला होता. पण स्वतःच्या लेकराचा गळा स्वतः कोण दाबेल? गुपित फुटलेला कॅट कुणी घेत नाही. त्याची खोकी आता तशीच पडून राहणार होती. त्याने हे केलं असेल असं मानायला तिचं मन तयार होईना, आणि मनापेक्षाही हिशेब तयार होईना.

उरले दोन कॅट. एक डॉक्टरांकडे, एक उस्तादांकडे.

"कुठे निघालीस? जेवून जा."

"दात दाखवायला."

"तुझे दात चांगलेत."

"म्हणूनच."

४

रविवार असूनही डॉक्टरांच्या खुर्चीत एक बिचारा तोंडात कापूस भरून आडवा पडला होता. डॉक्टर त्याच्या दातांत खुडबुड करता करताच बोलले. हातांत निळे पातळ हातमोजे होते. तिची नजर तिथे गेली ती त्यांनी टिपली.

"बाई, जगात निळे मोजे मी एकटाच घालतो का? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये डब्याने मिळतात."

"मी कुठे काही म्हटलं?"

"तुमचे डोळे म्हणाले." त्यांनी पेशंटला चूळ भरायला सांगितलं. "आणि मी कशाला फोडीन? त्या कॅटवर मी मोठा व्हिडिओ करून ठेवला होता. आज संध्याकाळी टाकणार होतो. आता कोण बघतंय? लग्न मोडल्यावर आहेराची यादी वाचण्यासारखं आहे ते."

"तुमचा कॅट दाखवाल?"

त्यांनी कटकट न करता ड्रॉवर उघडला. त्यांच्या कॅटमधलं पान वेलीच्या मधल्या वर्तुळातून गाळलेलं होतं. व्हिडिओत मधलं वर्तुळ पूर्ण होतं, हे तिने सकाळपासून कितीदा तरी पाहिलं होतं.

"सुटलो?" डॉक्टरांनी विचारलं.

"कॅटपुरते."

"फार उपकार झाले. आता एक खरं सांगा. तुम्ही लिहिलेलं परीक्षण कसं होतं? चार कोपऱ्यांचं तुणतुणं सोडून."

"चांगलं होतं. फार चांगलं. मी लिहिलं होतं, जी जादू करायला एका घराच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं बसावं लागायचं, ती आता कुणाही हौशी माणसाच्या खिशात मावेल."

खुर्चीतल्या पेशंटने कापसातून काहीतरी हुंकार काढला. डॉक्टरांचा हात थांबला.

"एका घराच्या," ते म्हणाले. "असंच लिहिलंत? आणि ते परीक्षण कुणाकडे दिलंत?"

"मासिकाचं सगळं लिखाण कुणाकडे जातं? सेक्रेटरीकडे."

डॉक्टरांनी मोजे काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. "बाई," ते हळूच म्हणाले, "त्या घरी जाऊ नका. हरलात तर मंडळातून जाल. जिंकलात तर कुणाला तोंड दाखवता येणार नाही."

ती तिथूनच त्या घरी गेली.

५

मनातला पत्ता उलटा सापडणं ही उस्तादांची जादू होती. आयुष्यभराची. त्यांची रीत निराळी होती, अवघड होती, आणि ती त्यांनी जावयाखेरीज कुणालाही शिकवली नव्हती. जावई तिच्यावरच कार्यक्रम करायचा. छापखानेवाल्याने तोच परिणाम वेगळ्या वाटेने गाठला होता, आणि ती वाट कुणालाही चालता येणार होती.

उस्तादांनी तिला बसवलं. सुनेने पाणी आणलं. पेला उचलताना उस्तादांनी दोन्ही हात वापरले आणि तरी थोडं पाणी धोतरावर सांडलं. तिने दुसरीकडे पाहिलं.

"रागावून आलीस," ते म्हणाले.

"तुमच्याकडे शिकायला आले होते तेव्हाही रागावूनच परत गेले होते."

"तू डावरी. मी काय करणार? डाव्या हाताची जादू लोकांना खोटी वाटते."

"जादू खोटीच असते, उस्ताद. लोकांना आवडते म्हणून बघतात."

ते हसले. मनापासून हसले. या माणसावर तिला कधी पुरतं रागावता आलं नव्हतं, हीच अडचण होती.

सेक्रेटरी आतून आला. तिने उस्तादांचा कॅट पाहायला मागितला तेव्हा उत्तर त्यानेच दिलं. "त्याचं सील अजून फोडलेलंही नाही, बाई. यांना आता हातात घेऊन काय करायचंय? मान म्हणून दिला होता, तो जपून ठेवलाय."

"मग सील तर बघू."

"कपाटाची किल्ली हिच्याकडे असते, आणि ती माहेरी… म्हणजे, बाहेर गेलीय." बायकोचं माहेर म्हणजे हेच घर, हे वाक्य अर्ध्यावर असतानाच त्याच्या लक्षात आलं. त्याने विषय बदलला. "चला, तालमीची खोली बघायची होती ना तुम्हाला? पूर्वी एकदा म्हणाला होतात."

खोलीत एक माणूसभर उंचीचा आरसा होता, त्यावर चादर टाकलेली. समोर टेबल, काळं कापड आणि फोन अडकवायचा छोटा स्टँड.

"आरसा झाकलात?"

"आता आरशाचं काय काम? फोन समोर लावायचा, स्वतःकडे तोंड करून. आरशासारखंच दिसतं, वर चित्रणही राहतं. चूक कुठे झाली ते पुन्हा पुन्हा बघता येतं. सगळी नवी मुलं असंच करतात."

काळं कापड मंडळात प्रत्येकाच्या घरी असतं. तिच्याही घरी होतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. ती दारात चपला घालत असताना सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, उद्यापर्यंत मजकूर पाठवा. मी लिहून देऊ का? चार ओळींचं काम आहे."

"माझ्या चार ओळी तुम्ही लिहायला लागलात तर सदर खरंच बंद झालेलं बरं," ती म्हणाली आणि निघाली.

६

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी वन्संनी तिच्यासमोरचा फोन उचलून बाजूला ठेवला आणि रमीचे पत्ते वाटले.

"डोळे फुटतील. दोन डाव खेळ, मग बघ परत तुझे ते निळे हात."

चारकोनीने पत्ते उचलून पंखा उघडला. नेहमीसारखे पांढरे कोपरे दिसले. नेहमीसारखी ती पत्ते उलट्या क्रमाने सरकवायला लागली. वन्संनी नेहमीसारखं टोकलं, "आयुष्यभर कोपरे शोधत बसलीस, सरळ उजव्या हाताने खेळायला शिकली असतीस तर…"

"तर मला पण तुमच्यासारखे आकडे आपोआप दिसले असते, आणि मी कोपऱ्याकडे कधी पाहिलंच नसतं."

हे बोलली आणि तिचा हात थांबला.

"वन्सं, फोन द्या."

"झालं. डाव कुणी मोडला ते लक्षात ठेव."

व्हिडिओत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पत्त्यांच्या पाठीच दिसत होत्या. चेहरा दिसत होता एकाच पत्त्याचा, जादूच्या शेवटी उलटा सापडलेल्या बदामाच्या एक्क्याचा. तिने तिथे व्हिडिओ थांबवला आणि या वेळी पाठीकडे नाही, वेलीकडे नाही, कोपऱ्यांकडे पाहिलं.

"तुमच्याकडे बदामाचा एक्का आहे?"

"असला तरी सांगीन का?"

"डाव मोडलाय, वन्सं. द्या."

एक्का मिळाला. तो तिने टेबलावर ठेवला. आकडा वर डावीकडे, खाली उजवीकडे. व्हिडिओतल्या एक्क्याचा आकडा वर उजवीकडे होता, खाली डावीकडे. असा पत्ता जगात कुणी छापत नाही. छापला असता तर तिने त्यावर परीक्षणात आधी दोन परिच्छेद लिहिले असते.

तिने स्वतःचा फोन स्वतःकडे तोंड करून पाण्याच्या तांब्याला टेकवला, एक्का समोर धरला, आणि चित्रण करून वन्संना दाखवलं. आकडा उजवीकडे गेला होता. मग चौकटची सत्ती धरली. सात उलटा झाला. राणी धरली, तर राणीवरचं अक्षर आरशातल्या पाटीसारखं झालं. परत एक्का धरला.

वन्संनी चष्मा पुढे ओढला. "याचं काहीच बिघडलं नाही की."

"नाही बिघडत. एक्क्यावरचं इंग्रजी अक्षर आरशात बघा, तेच दिसतं. बदामही तोच. फक्त जागा बदलते. आणि जागेकडे बघणारं या मंडळात एकच माणूस आहे, ज्याला सगळे हसतात."

"म्हणजे सगळा व्हिडिओच उलटा?"

"सगळा. डावा हात म्हणजे उजवा. आणि डाव्या कोपऱ्यातलं गाळलेलं पान म्हणजे उजव्या कोपऱ्यातलं."

"मग उजव्या कोपऱ्यातलं पान कुणाच्या कॅटमधून गाळलंय?"

तिने छापखान्याचा नंबर लावला. पलीकडे मशीनचा आवाज होता. तिने प्रश्न विचारला. मशीन बंद झालं.

"बाई," छापखानेवाला म्हणाला, "हे मला फोनवर विचारू नका."

७

बुधवारी संध्याकाळी पाचही जण छापखान्यात जमले. कागदाच्या थप्प्यांवर डॉक्टर आणि सेक्रेटरी टेकले, उस्तादांसाठी एकुलती एक खुर्ची. शाईचा वास दाटला होता.

तिने एक्का टेबलावर ठेवला, फोन शेजारी ठेवला, आणि काल वन्संना दाखवलं तेच पुन्हा करून दाखवलं. डॉक्टरांनी स्वतःच्या फोनवर तीनदा करून पाहिलं. मग ते म्हणाले, "माझे शब्द मागे घेतो, बाई. डावखुरे वगैरे."

"मागे नका घेऊ. डावखुरी आहेच मी."

छापखानेवाल्याने भिंग हातात घेतलं, पण वापरलं नाही. "उजव्या कोपऱ्याचा कॅट मी उस्तादांना दिला होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मग त्याला एकदम हसू आलं, रडण्याच्या जवळचं. "बाई, तुमचं ऐकून चारही कोपऱ्यांत आकडे छापले असते, तर आज तुमची सुटका नव्हती."

सगळ्यांनी उस्तादांकडे पाहिलं.

"व्हिडिओ मी केला," उस्ताद म्हणाले. "माझ्या जादूचा बाजार होत होता. सहन झालं नाही. संपलं."

"सील फोडलेलं नाही असं तुमचे जावई म्हणाले होते."

"त्याला माहीत नव्हतं."

"बरं. मग एक सांगा. एवढ्या पत्त्यांत एक्काच का घेतलात?"

"हाताला आला तो घेतला."

चारकोनीने मान हलवली. "तुम्ही नाही केलात, उस्ताद. ज्याने केला त्याला ठाऊक होतं की चित्र उलटं दिसणार आहे. म्हणून पूर्ण व्हिडिओत एकही आकडा नाही, राजा-राणी नाही, कॅटचं खोकंसुद्धा नाही, कारण त्यावर अक्षरं आहेत. दाखवला तो एकच पत्ता, जो उलटा झाला तरी सुलटा दिसतो. हे हाताला आलेलं नाही. निवडलेलं आहे. हात डावा दिसावा म्हणून निवडलेलं आहे. गाळलेल्या पानाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती, तिथे नुसतं नशीब त्याच्या बाजूने पडलं."

सेक्रेटरी बाहीची घडी सरळ करत होता.

तिने कॅट उस्तादांपुढे ठेवला. "एकदा फक्त पिसून दाखवा. मी आत्ता इथे माफीनामा लिहून देते."

उस्तादांनी कॅटकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, एकावर एक, घट्ट दाबलेले. दाबूनही ते थरथरत होते. त्यांनी ते वर आणले नाहीत.

"मी केलं म्हणतोय ना, पोरी," ते म्हणाले. आवाज मात्र हलला नाही. "माझा शब्द पुरे नाही का तुला?"

"कॅटबद्दल तुमचा शब्द मी कधीही घेईन. हा तुमचा शब्द नाही. हा तुम्ही दुसऱ्याला दिलेला आडोसा आहे."

८

मंडळाने उस्तादांचा शब्द मान्य केला. वयाचा मान म्हणून शिक्षा नाही, पुढे चर्चा नाही. तिचं सदर चालू राहणार होतं, माफीनामा नको होता. बुधवारीच, छापखान्याच्या पायरीवर, सेक्रेटरीने मंडळाच्या वतीने तिला हे सगळं सांगितलं.

"तुमचं नाव स्वच्छ झालं, बाई. आणखी काय हवं? आता फक्त हे लिहू नका. म्हाताऱ्या माणसाचा विचार करा."

"त्यांचा विचार तुम्ही करायला हवा होता. फोन स्टँडला लावायच्या आधी."

तो हसला नाही, रागावलाही नाही. "तुमच्याकडे माझ्याविरुद्ध काय आहे? एक एक्का. तोसुद्धा उलटा."

"तुमचं नाव मी घेतलंय का?" ती म्हणाली.

त्याच रात्री तिने सदर लिहून थेट छापखानेवाल्याच्या हातात दिलं; मासिक त्याच्याकडेच छापलं जायचं. आधी कॅटचं परीक्षण, एक शब्द न बदलता. गुपित फुटलं तरी कॅट चांगला आहे, कागद चांगला आहे, घ्या. मग उलट्या व्हिडिओची हकीकत, पायरी पायरीने. आणि शेवटी एकच ओळ: उस्तादांनी दोष स्वतःवर घेतला आहे, पण व्हिडिओतले हात उस्तादांचे नाहीत. कुणाचे, ते तिने लिहिलं नाही. जे दाखवून देता येत नाही ते ती लिहीत नसे.

छापखान्यात नेण्याआधी वन्संनी ते वाचून परत दिलं. "हे छापलं तर त्या मंडळात तुला चहा विचारणार नाही कुणी."

"त्यांचा चहा तसाही पाणचट असतो."

"आणि नाही छापलं तर?"

"तर मी हॉलमध्ये उभी राहून वाचीन. हाकलतील तेव्हा जिन्यात वाचीन."

गुरुवारी सकाळी सेक्रेटरीने छापखान्यात दुसरं पान पाठवलं. वादावर मंडळाने पडदा टाकला आहे, अशा मथळ्याचं, मापात बसवलेलं, बाईंच्या सदराच्या जागी टाकायला. सोबत निरोप होता, की हे पान लागलं नाही तर मासिक पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे छापलं जाईल. थोड्या वेळाने उस्तादांचाही फोन आला. ते छापखानेवाल्याशी काय बोलले, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पत्ता बोटांत कसा लपवायचा, हे लहानपणी त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी दोनदा फोन केला. सेक्रेटरीने किती वेळा केला कोण जाणे. छापखानेवाला उचलत नाहीये.

चारकोनी आणि वन्सं दुपारपासून समोरच्या फुटपाथवर उभ्या आहेत. वन्संनी घरून स्टूल आणलंय आणि त्यावर त्याच बसल्या आहेत. मघाशी तो एकदा बाहेर आला, नळाखाली तोंड धुतलं, दोघींकडे पाहिलं आणि आत गेला. त्याच्या हाताला शाई ताजी होती. दोन्ही पानं त्याच्याकडे आहेत. त्यातलं कोणतं लागलंय, ते रस्त्यावरून दिसत नाही.

शटर अर्धं खाली आहे. मशीन चालू झालंय.